टिकटिक होते, ठिणगी दिसते, तरी गॅस पेटत नाही

थंडी पडू लागली की इंदूरमध्ये आमच्याकडे दुरुस्तीला येणारी निम्मी तक्रार एकाच वाक्यात असते: "दादा, गीझर टिकटिक करतो, पेटत नाही." ऑटोमॅटिक शेगडीचंही हेच दुखणं, फक्त ते बारा महिने चालतं. पुढचा क्रमही ठरलेला. आधी सेल बदलतात. मग कुणीतरी इग्निशनचा, म्हणजे ठिणगी पाडणारा, डबा बदलून देतं. चार दिवस बरं चालतं आणि पुन्हा टिकटिक सुरू होते. पुन्हा पुन्हा येणारं हे दुखणं बहुतेक घरांत ठिणगीचं नसतंच. आवाज ठिणगीचा येतो, म्हणून संशय तिच्यावर जातो.

गॅस पेटायला तीन गोष्टी एकाच जागी, एकाच क्षणी जमाव्या लागतात: हवेत योग्य प्रमाणात मिसळलेला गॅस, पुरेशी ताकदवान ठिणगी, आणि ती ठिणगी त्या मिश्रणातच पडणं. एलपीजी हवेत साधारण १.८ ते ९.५ टक्के असेल तरच पेट घेतो. त्याहून कमी असेल तर पेटत नाही आणि जास्त असेल तरी पेटत नाही. पाइपलाइनच्या नैसर्गिक गॅससाठी ही मर्यादा ५ ते १५ टक्के. मिश्रण बरोबर असेल तर एलपीजी पेटायला लागणारी ऊर्जा जेमतेम पाव मिलिजूल. स्वयंपाकघरातला साधा लायटर त्याच्या कितीतरी पट ऊर्जा देतो. म्हणून ठिणगी डोळ्यांना दिसत असेल, कडकड आवाज येत असेल आणि तरी पेटत नसेल, तर आधी मिश्रणाकडे बघा.

पण त्याआधी एक गोष्ट, आणि ही मी प्रत्येक घरात सांगतो. पेटलं नाही तर बटण दाबून धरू नका, नॉब तसाच उघडा ठेवून टिकटिक चालू ठेवू नका. तीन-चार सेकंदांत पेटलं नाही की बंद करा, खिडकी उघडा, मिनिट-दोन मिनिटं थांबा. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, तो वर उडून जात नाही, ओट्यावरून खाली उतरून जमिनीलगत साचतो. भाजतं ते बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या प्रयत्नात, कारण तोवर साचलेला सगळा गॅस एकदम पेटतो. वास येत असेल तर लायटर, पंखा, दिवा, कशालाच हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ या गॅसगळतीच्या नंबरावर फोन करा.

आता ठिणगी तपासू, म्हणजे तिच्यावरचा संशय तरी मिटेल. रेग्युलेटर बंद करा, गॅसचा वास नाही याची खात्री करा, खोलीत अंधार करा आणि शेगडीचा नॉब फिरवा. चांगली ठिणगी निळसर-पांढरी दिसते, तिचा आवाज कोरडा आणि कडक येतो, आणि ती बर्नरशेजारच्या पिनेच्या टोकापासून बर्नरवर उडते. पिन आणि बर्नर यांच्यातलं अंतर बहुतेक शेगड्यांत ३ ते ५ मिलिमीटर असतं. अंतर वाढलं तर ठिणगी उडी मारत नाही, फार कमी झालं तर ती इतकी आखूड होते की मिश्रणापर्यंत पोचतच नाही.

लोकमान्य नगरमधल्या एका काकूंच्या घरी शेगडी रोज सकाळी पेटायची आणि दुपारनंतर रुसायची. अंधारात बघितलं तर ठिणगी बर्नरवर उडतच नव्हती. पिनेभोवतीच्या पांढऱ्या चिनी मातीच्या नळीवरून एक बारीक जांभळी रेघ खाली पत्र्यापर्यंत सरपटत होती. सकाळी दूध उतू जायचं, काकू ओल्या फडक्यानं सगळं लख्ख पुसायच्या, आणि दुधाचा पातळ थर नळीवर राहायचा. ओला थर विजेला सोपी वाट देतो, मग ती हवेतून उडी कशाला मारेल? पोह्यांवर झाकण ठेवून वाफ काढताना गळणारं पाणीही हेच करतं. उपाय साधा आहे: शेगडी थंड असताना जुना टूथब्रश आणि कोरडं फडकं घेऊन नळी पुसायची, पूर्ण वाळू द्यायची. नळीला केसाएवढी जरी चीर असली तर पुसून उपयोग नाही, पिन बदलावीच लागते. हे सुटे भाग सियागंज बाजारात मिळतात, फक्त जुनी पिन सोबत घेऊन जा, कारण लांबी आणि तारेचं टोक प्रत्येक मॉडेलचं वेगळं.

ठिणगीला परत जायला वाट लागते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बर्नरचं पितळी झाकण तिरकं बसलं असेल, खाली काजळी किंवा जळलेलं तेल साचलं असेल, तर धातूचा धातूशी संबंध नीट राहत नाही आणि ठिणगी कमजोर होते. झाकण उचलून, खालची कड पुसून, खाचेत नीट बसवा. दहातल्या कितीतरी तक्रारी एवढ्यावर मिटतात.

लायटर आणि शेगडीचं इग्निशन यांतला फरकही माहीत असलेला बरा. दाबून टक् होणाऱ्या लायटरमध्ये सेल नसतो. आत स्प्रिंगवरची छोटी हातोडी एका खास स्फटिकावर आपटते, आणि दाब पडला की स्फटिकातून हजारो व्होल्टचा झटका निघतो. स्फटिकाचा हा गुण पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवला. एका दाबाला एकच ठिणगी, त्यामुळे त्या क्षणी मिश्रण तिथं नसेल तर ती वाया जाते. सेलवर चालणारं युनिट सेकंदाला अनेक ठिणग्या टाकतं, म्हणून मिश्रण थोडं मागेपुढे असलं तरी एखादी लागते. ते युनिट रोज चार-पाच सेकंद खात असेल तर समजा की मिश्रण बिघडलंय आणि ठिणग्यांची संख्या ते झाकून नेतेय. साध्या लायटरनं पेटायला किती वेळ लागतो ते बघा, खरी परिस्थिती कळेल.

मिश्रण बिघडतं कुठं? शेगडीत जेटच्या बारीक भोकातून गॅस वेगानं निघतो आणि जाताना बाजूची हवा नळीत ओढून घेतो. भोक अर्धवट बुजलं तर गॅस कमी, ओढलेली हवाही कमी, ज्योत लहान आणि आळशी. नळीत काही अडकलं तर हवा कमी पडते, ज्योत पिवळी होते, भांड्याचं बूड काळं होतं. उलट गॅसचा जोर जास्त असेल तर ज्योत बर्नरवरून उचलली जाते, फुरफुरते आणि विझते. जेट साफ करायला त्याच मापाची पिन वापरा. शिवणाची सुई खुपसून भोक मोठं केलेले जेट आमच्याकडे येतात, आणि मग गॅस कायमचा जास्त जातो. घरात पाइपलाइन आली असेल आणि शेगडी जुनीच असेल तर जेट बदलले का हे विचारा. नैसर्गिक गॅसला मोठं भोक लागतं, एलपीजीचे जेट तसेच राहिले तर ज्योत मरतुकडी राहते आणि पेटताना नखरे करते.

सगळ्यात चुकीचं निदान होणारा प्रकार म्हणजे बंद घर. राजेंद्र नगर, सुदामा नगर भागात आपली कितीतरी वडीलधारी मंडळी मुलांकडे पुण्याला जातात आणि दिवाळीच्या सुमारास परततात. शेगडी, गीझर तसेच असतात, सेलही नवे घातलेले, तरी पेटत नाही. बर्नर काढून नळी उपडी करून टोकली की वाळलेली माती पडते. कुंभारीण माशीनं घर केलेलं असतं, किंवा कोळ्याचं जाळं. ठिणगी झकास पडत असते, फक्त तिच्यापर्यंत येणारा गॅस हवेशिवाय येत असतो. शिवाय गॅस आणणाऱ्या नळीत हवा भरलेली असते, त्यामुळे पहिले काही प्रयत्न फुकट जाणारच. अशा वेळी थांबून थांबून प्रयत्न करा, एकामागून एक नाही.

आता गीझर. इथं मात्र सावकाश जावं लागेल, कारण गीझरमध्ये ठिणगीच्या आधी पाणी येतं. नळ सोडला की पाण्याच्या दाबानं आतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, सरकतो. तो एक काडी ढकलतो, काडीनं मायक्रोस्विच लागतो, मग डबा ठिणग्या टाकतो आणि सोबत गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. ज्योत दिसली असं सेन्सर काडीनं कळवलं की ठिणगी थांबते आणि व्हॉल्व्ह उघडा राहतो. काही सेकंदांत कळवलं नाही तर गॅस बंद. म्हणजे लक्षण कोणतं आहे त्यावरून दोष शोधता येतो.

नळ सोडला आणि टिकटिकच नाही? तर पाणी बघा. इंदूरला कितीतरी घरांत नर्मदेचं पाणी वरच्या टाकीत चढवलेलं असतं, आणि वरच्या मजल्याचं न्हाणीघर अगदी टाकीखाली असतं. दोन मीटरही उंची मिळत नाही. खालच्या मजल्यावर तोच गीझर बिनतक्रार चालेल आणि वर रुसेल. इथं डबा बदलून काय होणार? टाकी उंचावर घ्या, नाहीतर छोटा प्रेशर पंप बसवा. त्याआधी गीझरच्या पाण्याच्या तोंडावरची जाळी काढून धुवा. बोअरवेलचं पाणी मिसळणाऱ्या घरांत जाळीवर आणि डायफ्रॅमच्या काडीवर पांढरा क्षार बसतो. काडी अडकली की दोन गोष्टी होतात: एक तर गीझर सुरूच होत नाही, किंवा नळ बंद केला तरी टिकटिक थांबत नाही. दुसरी गोष्ट दिसली की गॅसचा कॉक लगेच बंद करा आणि माणूस बोलवा. पाणी वाहत नसताना बर्नर पेटता राहणं हे गीझरच्या बाबतीत सगळ्यात वाईट.

टिकटिक आहे, ठिणगी आहे, पण ज्योत नाही? मग सेल. "सेल परवाच बदललेत" हे उत्तर मला नेहमी मिळतं. ठिणगीला थोडी वीज पुरते, पण व्हॉल्व्ह उघडून धरायला जास्त लागते. म्हणून अर्धवट उतरलेल्या सेलवर ठिणगी छान दिसते आणि गॅस मात्र सुटत नाही. दोन्ही मोठे सेल एकत्र बदला, एकाच जातीचे घाला, आणि सेलच्या डब्यातल्या पट्ट्यांवरचा हिरवा-पांढरा गंज खरवडून काढा. न्हाणीघरातल्या वाफेनं तो दरवर्षी येतो. जानेवारीच्या पहाटे इंदूरचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा उतरलेले सेल आणखी ढेपाळतात, आणि संपत आलेल्या सिलिंडरात गॅसचा दाबही घसरतो. "फक्त सकाळीच होतं, दुपारी चालतो" असं असेल तर हे दोन्ही आधी बघा.

पेटतो आणि काही सेकंदांत विझतो? ही तक्रार सेन्सर काडीची. ज्योतीतून अगदी सूक्ष्म वीज वाहते, ती काडी डब्यापर्यंत पोचवते. काडीवर काजळीचा किंवा क्षाराचा थर चढला, किंवा ती वाकून ज्योतीबाहेर गेली, तर ज्योत असूनही डबा "नाही" समजतो. गॅस बंद करून, काडी थंड झाल्यावर बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं पुसा. सुरक्षा व्हॉल्व्ह असलेल्या हॉबवर, म्हणजे ओट्यात बसवलेल्या शेगडीवरही असंच दिसतं: नॉब सोडला की ज्योत विझते. तिथं थर्मोकपल असतं, म्हणजे ज्योतीनं तापून वीज देणारी काडी; ते तापायला काही सेकंद घेतं आणि फक्त काही मिलिव्होल्ट देतं. नॉब पाच-दहा सेकंद दाबून धरूनही विझत असेल तर त्याचं टोक पुसा, मागची जोडणी घट्ट करा. पेटलेल्या ज्योतीवर नॉब दाबून धरणं वेगळं आणि न पेटलेल्या गॅसवर धरणं वेगळं, हे विसरू नका. हे थर्मोकपल "त्रास देतंय" म्हणून काढून थेट जोडणी करून देणारे आहेत. कितीही आग्रह झाला तरी मी ते करत नाही, तुम्हीही करू देऊ नका.

आणि "भप्प" असा आवाज करून पेटतो? ही तक्रार लोक सांगतच नाहीत, कारण गीझर पेटतो ना! मी मात्र सगळ्यात आधी हीच विचारतो. हिशेब करून बघा. सहा लिटरचा, म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा, गीझर तासाला साधारण एक किलो एलपीजी जाळतो, म्हणजे सेकंदाला वाफेच्या रूपात सुमारे दहावा भाग लिटर गॅस. गीझरच्या पेटीत जागा पंधरा-सोळा लिटर. तिचे १.८ टक्के म्हणजे पाव लिटरहून थोडं जास्त. अडीच-तीन सेकंद ठिणगी चुकली की पेटीतली हवाच पेटण्याजोगी होते. पिन जागेवरून सरकलेली असते, किंवा तिच्या समोरची बर्नरची भोकं बुजलेली असतात, म्हणून गॅस दुसरीकडून फिरून येतो आणि उशिरा पेटतो. आवाज वाढत जातो, एक दिवस समोरची काच उडते. भप्प आवाज आला की वापर थांबवा आणि बर्नर खोलून साफ करून घ्या.

याच कारणासाठी एक विषय इथं काढतो. मुलं, कधी कॉलेजातली, येऊन विचारतात: नळीत गॅस भरून बटाटा उडवायची तोफ करतोय, तिला कोणतं इग्निशन बरं, लायटरचं की शेगडीच्या डब्याचं? मी कुठलंच बसवून देत नाही. त्यांना ठिणगीचा प्रश्न वाटतो, पण त्यांचीही अडचण मिश्रणाचीच असते. बर्नरमध्ये गॅस येईल तसा जळत जातो. तोफेत तो आधी बंद जागेत साचवतात आणि मग पेटवतात, म्हणजे गीझरमधला जो भप्प आपण टाळायला धडपडतो, तोच मुद्दाम घडवतात. प्रमाण जरा चुकलं की पेटत नाही, मग माणूस जवळ जातो, आत बघतो, पुन्हा बटण दाबतो. शिवाय पीव्हीसीची नळी पाण्यासाठी असते. गॅसच्या धक्क्यानं ती फुटली तर तिचे धारदार तुकडे होतात.

२०२५ च्या दिवाळीत आपल्या मध्य प्रदेशात हे घडलं. भोपाळ, ग्वाल्हेर, इंदूर, विदिशा, सगळीकडून कार्बाइड गननं, म्हणजे नळीत कार्बाइडचा गॅस पेटवणाऱ्या घरगुती तोफेनं, डोळे गेलेल्या, भाजलेल्या मुलांच्या बातम्या आल्या आणि प्रशासनाला बंदी घालावी लागली. या गनमध्ये पेटवायला स्वयंपाकघरातलाच लायटर असतो. कार्बाइडमधून निघणारा ॲसिटिलीन गॅस हवेत २.५ टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पेटतो, आणि त्याला एलपीजीच्या दहाव्या हिश्श्याएवढी ऊर्जासुद्धा पुरते. म्हणजे ठिणगी कमी पडण्याचा प्रश्नच नाही. तरी कधी दाबल्याबरोबर पेटत नाही, मूल नळीत डोकावतं आणि तेवढ्यात भडका उडतो. सोबत चुन्यासारखा दाहक गाळ डोळ्यात जातो. असं झालं तर डोळा चोळू द्यायचा नाही, स्वच्छ पाण्याची धार निदान पंधरा-वीस मिनिटं सोडत राहायची आणि थेट डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं. कुठलाही मलम, तूप, गुलाबजल नाही. घरात अशी नळी असेल तर दुरुस्तीला आणू नका, ती चालू करून मागू नका.

गीझरकडे परत येतो, कारण एक दोष असा आहे की ज्यात सगळं व्यवस्थित पेटतं. बंद न्हाणीघरात बसवलेला गीझर ऑक्सिजन खात जातो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. एलपीजीला वास येतो तो त्यात मुद्दाम मर्कॅप्टन मिसळतात म्हणून, या वायूला तसा कुठलाच इशारा नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं आणि दाराची कडी उघडायचीही ताकद राहत नाही. गीझर न्हाणीघराबाहेर, गॅलरीत किंवा मोकळ्या भिंतीवर लावा आणि आत फक्त पाण्याचा नळ न्या. ते होत नसेल तर आधी बादली भरा, गीझर बंद करा, मग आंघोळीला जा. आत कुणी असताना गीझर चालू ठेवायचा नाही. एक्झॉस्ट फॅन लावून भागेल असं समजू नका. हवा आत यायला वाट नसेल तर तो गीझरचा धूरच खोलीत खेचू शकतो.

मेकॅनिकला बोलवाल तेव्हा फोनवर नुसतं "पेटत नाही" सांगू नका. टिकटिक होते का, ज्योत दिसते का, दिसली तर किती वेळ टिकते, आवाज होतो का, सकाळीच होतं की दिवसभर, घर किती दिवस बंद होतं, टाकी किती उंच आहे, एवढं सांगा. योग्य पिन, डायफ्रॅम किंवा सेन्सर सोबत घेऊन येता येतं आणि एका फेरीत काम होतं. साबणाच्या फेसानं जोड तपासून दाखव असं त्याला निघताना सांगा, काडी पेटवून नाही. आणि तो आलाच आहे तर गॅसच्या रबरी नळीवर छापलेली तारीखही बघून घ्या. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, वरून ती नवी दिसली तरी.